व्हल्टावेवरील दगडी पूल



व्याख्यानमालेच्या चिटणिसांना मी ‘एक जुना पूल’ असा विषय कळविला, तेव्हा त्यांनी मोठ्या उत्सुकतेने विचारले, “कोणत्या दोन संस्कृतींमधला?” पूल म्हटला की तो कशाचे तरी रूपक असणार, असा आपल्याकडे व्याख्यात्यांनीच समज करून ठेवला आहे. मी म्हटले, “दगडचुन्याचा. ह्या काठावरून त्या काठावर जाण्याचा.” त्यांची थोडी निराशा झाली असावी. पण विषय मंजूर झाला, आणि गोदेच्या ऐन काठी एका दुसऱ्या नदीवरच्या पुलाची हकीकत सांगण्यास मी उभा आहे.

ती नदी व्हल्टावा आणि ते शहर प्राग. चेक लोकांची राजधानी. नदीच्या उजव्या काठावर जुने शहर, डाव्या काठावर ‘लहान शहर’ म्हणून ओळखला जाणारा भाग आणि त्याच्या माथ्यावर राजांचा किल्ला. ह्या दोहोंना जोडणारा पूल १३५७ साली बांधावयास घेतला आणि पंधराव्या शतकाच्या आरंभी पुरा झाला. लांबी ५१६ मीटर, रुंदी सुमारे दहा मीटर, गाळे सोळा. आज त्याला सारे जग चार्ल्सचा पूल म्हणते. पण हे नाव अलीकडचे, १८७० च्या सुमाराचे. त्यापूर्वी पाचशे वर्षे लोक त्याला नुसता ‘दगडी पूल’ म्हणत, आणि ते पुरेसे होते, कारण १८४१ पर्यंत प्रागमध्ये व्हल्टावेवर दुसरा पूलच नव्हता.

मी पहिल्या दिवशी भर दुपारी गेलो आणि खरे सांगायचे तर फार हिरमुसलो. पूल दिसलाच नाही, माणसे दिसली. चित्रे काढणारे, चित्रे विकणारे, वाद्ये वाजविणारे, आणि सर्वांत जास्त म्हणजे एकमेकांची छायाचित्रे घेणारे. कठड्यावरचे तीस पुतळे गर्दीवरून डोकी काढून उभे होते, तेवढेच काय ते पाहावयास मिळाले. मी अर्ध्यातून परत फिरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून पुन्हा गेलो, आणि ह्या वेळी पुलावर न जाता पुलाखाली गेलो.

आपणांपैकी कोणी तिकडे जाणार असेल तर त्याने हेच करावे, असे मी सुचवीन. लहान शहराच्या बाजूला कांपा नावाचे एक बेट आहे. पुलाच्या मधूनच तेथे उतरावयास दगडी जिना आहे. त्या जिन्याने खाली उतरले की पुलाचे काही गाळे जमिनीवरच उभे असलेले सापडतात आणि कमानीच्या पोटाखाली उभे राहून वर पाहता येते. पुलाची पाठ पाहून त्याचे वय कळत नाही, पोट पाहून कळते. बहुतेक दगड वाळूचा. कोठे काळवंडलेला, कोठे पिवळा, कोठे अगदी काल घडवून बसविल्यासारखा. एका गाळ्यात दगडांची बांधणी एका धर्तीची, दुसऱ्यात वेगळी. एकाच अंगरख्याला सातशे वर्षे निरनिराळ्या शिंप्यांनी ठिगळे लावावीत, तसा तो दिसतो. ही ठिगळे का लागली, हेच आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. ह्याच ठिकाणाजवळ आधी एक दगडी पूल होता. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा दुसरा व्लादिस्लाव ह्याच्या वेळी तो झाला, आणि त्याची राणी जुडिथ हिच्या नावाने ओळखला जाई. नव्या पुलाहून तो बराच ठेंगणा होता. १३४२ च्या फेब्रुवारीत नदीवरचे गोठलेले बर्फ फुटले, पूर आला, आणि बर्फाच्या शिळांनी तो पूल मोडून टाकला. त्याचा एक गाळा आजही जुन्या शहराच्या बाजूला एका इमारतीच्या तळघरात शिल्लक आहे, आणि पलीकडच्या दोन बुरुजांपैकी लहान बुरूज मुळात त्याच पुलाचा.

पूल गेल्यावर नवा पूल सुरू व्हावयास पंधरा वर्षे लागली. तो सुरू करणारा राजा चौथा चार्ल्स. हा बोहेमियाचा राजा, आणि १३५५ पासून पवित्र रोमन सम्राटही. १३४८ साली त्याने प्रागमध्ये विद्यापीठ स्थापिले. राजधानी कशी असावी ह्याची त्याला चांगली जाण होती. पुलाचे श्रेय परंपरेने पेटर पार्लर ह्या स्थपतीस देतात. प्रागच्या मोठ्या कॅथीड्रलचे काम त्याच्याकडे आले तेव्हा त्याचे वय जेमतेम तेवीसचे होते. जुन्या शहराच्या बाजूचा पुलावरचा भव्य बुरूज त्याच्याच हातचा. पुलाचा आरंभ मात्र ओटो नावाच्या दुसऱ्या कारागिराने केला असावा, असे अलीकडच्या संशोधकांना वाटते.

येथे एका गमतीच्या गोष्टीचा उल्लेख करतो, कारण तेथील प्रत्येक वाटाड्या ती सांगतो. पायाचा पहिला दगड १३५७ साली, ९ व्या दिवशी, ७ व्या महिन्यात, सकाळी ५ वाजून ३१ मिनिटांनी बसविला, असे म्हणतात. हे आकडे ओळीने मांडले तर १-३-५-७-९-७-५-३-१ अशी चढती-उतरती माळ होते, आणि दोन्ही बाजूंनी ती सारखीच वाचता येते. चार्ल्सला ज्योतिषाचे वेड होते, तेव्हा हा मुहूर्त ज्योतिषांनीच काढला, असा निर्वाळा. आपण पंचांग मानणारे लोक. आपल्याला ही गोष्ट चटकन पटते. पण ही माळ गुंफली विसाव्या शतकातील अभ्यासकाने. चौदाव्या शतकातल्या कागदपत्रांत ही वेळ नाही, आणि त्या काळच्या घड्याळांना मिनिटकाटाही नव्हता. पूल एवढा टिकला तो मुहूर्तामुळे, असे म्हणावे तर पुढची हकीकत आड येते. तो अनेकदा मोडला आहे.

अशीच दुसरी कथा अंड्यांची. चुना बळकट व्हावा म्हणून त्यात अंडी घातली, आणि राजाज्ञेवरून गावोगावहून अंड्यांच्या गाड्या आल्या. वेलवारी नावाच्या गावच्या लोकांनी, वाटेत फुटू नयेत म्हणून, ती उकडून पाठविली! बिचाऱ्या त्या गावाची आजतागायत थट्टा होते. चुन्याची रासायनिक तपासणी अनेकांनी केली, पण अंड्याबद्दल एकवाक्यता झालेली नाही. आपल्याकडे जुन्या बांधकामांत चुन्याच्या घाणीत गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद घालीत, हे आपणांस ठाऊक आहेच. तेव्हा कल्पना अगदीच टाकाऊ नव्हे. मात्र लोकांना चुन्याची कथा आवडते आणि पायाची कोणी सांगत नाही, ह्याचे मला नवल वाटते. कारण ह्या पुलाचे सारे सुखदुःख पायात आहे.

ते कसे, हे समजावयास कमानीचे काम कसे चालते ते थोडे पाहावे लागेल. कमानीतला प्रत्येक दगड खाली पडू पाहतो, पण पाचरीच्या आकारामुळे शेजारच्या दगडांत अडकतो. पडण्याची ओढ अशा रीतीने बाजूला वळते आणि कमान आपल्या दोन्ही पायांनी दोन्हीकडच्या खांबांना बाहेर रेटीत राहते. वर जितके ओझे तितके दगड एकमेकांत घट्ट बसतात. म्हणून दगडी कमानीला ओझ्याचे भय सहसा नसते. पण ज्या खांबावर ती टेकलेली असते तो जरा खचला वा सरकला, की दगडांमधली मिठी सुटते, आणि मग ती कोसळण्यास क्षण पुरतो. मधल्या खांबाला दोन बाजूंच्या दोन कमानी परस्परविरुद्ध रेटीत असतात. म्हणजे प्रत्येक कमान शेजारणीच्या जिवावर उभी. एक खांब गेला की त्याच्या अलीकडची आणि पलीकडची, अशा दोन कमानी गेल्या. लागून दोन खांब गेले की तीन. हा हिशेब ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

आता मध्ययुगातल्या बांधणाऱ्यांनी ह्यावर उपाय काय केला? खांब जाड केले. ह्या पुलाचे गाळे सुमारे सतरा ते तेवीस मीटरांचे आहेत आणि खांब आठनऊ मीटर व काही त्याहूनही जाड. म्हणजे नदीच्या पात्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा खांबांनीच अडविला. प्रत्येक खांब स्वतःच्या पायावर उभा राहील इतका दांडगा. पण त्यामुळेच पाण्याला वाट कमी. चारपदरी रस्त्यावर दोन पदर बंद केले म्हणजे गाड्यांची जी गत होते, ती पुराच्या पाण्याची होते. पुलाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते, फुगते, आणि गाळ्यांतून दुप्पट वेगाने धावू लागते. हे धावते पाणी खांबाच्या बुडाशी भोवरे करते आणि तेथील वाळू व गोटे उकरून नेते. खांब जितका जाड, तितके त्याच्या पायथ्याचे उकरणे जोराचे. ज्या गोष्टीने पुलाला बळ दिले, तिनेच त्याच्या बुडाशी शत्रू उभा केला.

आणि पाया होता कसा? आज आपण नदीच्या तळाखालच्या खडकापर्यंत पोचतो; त्या काळी ते साधन नव्हते. ओकच्या लाकडांच्या चौकटी अंथरून त्यांवर जात्यांसारखे मोठे गिरणीचे दगड मांडले, लोखंडी आकड्यांनी ते एकमेकांत जखडले, आणि त्यांवर खांब चढविला. पाण्याखाली राहिलेले लाकूड शतकानुशतके कुजत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण पाणी ज्या जमिनीवर ही चौकट टेकली आहे ती जमीनच हलवील, ह्यावर त्यांच्यापाशी उपाय नव्हता. खांबांच्या समोर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, लाकडी ओंडक्यांचे उतरते सांगाडे उभे केलेले असतात, तेही असेच. वाहून येणारे बर्फ त्यांवर चढून स्वतःच्या वजनाने फुटावे, ही त्यांची योजना. खांबाचे ते रक्षण करतात. तळाचे करू शकत नाहीत.

मग जे व्हायचे ते होत राहिले. पूल पुरा होऊन पुरती पिढीही उलटली नव्हती, तोच १४३२ च्या पुराने तीन खांब जखमी केले. १४९६ साली एक खांब खालून उकरला जाऊन खचला आणि त्याच्या आधाराची कमान कोसळली. ती दुरुस्ती १५०३ पर्यंत चालली. १७८४ साली बर्फाच्या पुराने पाच खांबांना मोठी इजा केली. कमानी त्या वेळी तरल्या, पण वाहतूक पुष्कळ दिवस आवरावी लागली.

सर्वांत मोठा घाव १८९० सालचा. सप्टेंबरच्या आरंभी व्हल्टावेला पूर आला. त्या नदीतून तेव्हा दक्षिणेकडच्या अरण्यांतले लाकूड तराफे बांधून शहरात आणीत. पुराने काठावरचे तराफे आणि ओंडके सुटे करून खाली लोटले, आणि ते पुलाच्या गाळ्यांत आडवे अडकले. एकावर एक ओंडके चढत गेले, पाहता पाहता गाळे बुजले, आणि पुलाचा पूल न राहता धरण झाला. पाण्याला उरलेली वाट एकच, खालून. ४ सप्टेंबरच्या पहाटे दोन खांब उकरले गेले आणि तीन कमानी गेल्या. दोन खांब, तीन कमानी, मघाचा हिशेब. त्यांच्याबरोबर कठड्यावरचे दोन पुतळेही पाण्यात गेले. दुरुस्तीस दोन वर्षे लागली. ह्या खेपेस मात्र खडकाकडे नेणारे नवे तंत्र हाताशी होते, आणि कित्येक खांबांचे पाये नव्याने बळकट करण्यात आले.

ह्या पाण्यात गेलेल्या दोन पुतळ्यांतला एक आपल्या ओळखीचा आहे. तो होता सेंट फ्रान्सिस झेवियरचा. होय, जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये ज्याचे शव आहे, तोच. १५४२ साली हा गोव्यास आला; आणि १७११ साली ब्रोकोफ नावाच्या शिल्पकाराने प्रागच्या पुलावर त्याची प्रतिमा उभी केली. वर झेवियर, त्याच्यासमोर गुडघे टेकलेला एक पौर्वात्य राजा, आणि खाली हा सारा डोलारा खांद्यांवर पेलणारी पूर्वेकडच्या नाना देशींची माणसे. ती पाहताना मनात थोडी कालवाकालव झाली, हे लपवीत नाही. अठराव्या शतकातल्या युरोपने पूर्वेला कोठे जागा दिली होती, हे त्या दगडात अगदी स्वच्छ कोरलेले आहे. पण कोरणाऱ्याचा हात विलक्षण. त्या वाकलेल्या माणसांच्या पाठीवर दिसणारा ताण वरच्या संताहून अधिक जिवंत आहे. आज पुलावर दिसतो तो १९१३ सालचा नकलपुतळा. मूळ पुतळ्याचे नदीतून काढलेले तुकडे संग्रहालयात आहेत. दुसरा पुतळा इग्नेशियस लोयोलाचा होता. त्याची जागा १९३८ पासून सिरिल आणि मेथोडियस ह्या दोघांनी घेतली आहे.

पुतळ्यांविषयी एवढेच सांगतो की ते मूळच्या पुलावर नव्हतेच. पुलाला सव्वातीनशे वर्षे होत आली तेव्हा, १६८३ साली, पहिला पुतळा बसला; तो नेपोमुकच्या जॉनचा. हा धर्माधिकारी १३९३ साली राजाच्या आज्ञेने ह्याच पुलावरून नदीत फेकला गेला. राणीने कबुलीजबाबात सांगितलेले गुपित त्याने फोडले नाही म्हणून, अशी लोककथा. राजा आणि आर्चबिशप ह्यांच्या अधिकारांच्या भांडणात तो चिरडला गेला, असा इतिहास. पुतळ्याखालच्या पितळी चित्राला हात लावला की मनोरथ पुरा होतो, अशी समजूत असल्याने ते लोकांनी घासून सोन्यासारखे चकचकीत केले आहे. बाकीचे बहुतेक पुतळे पुढच्या तीस वर्षांतले, आणि आता त्यांतले पुष्कळसे नकला आहेत, कारण वाळूच्या दगडाला शहराचा धूर सोसत नाही. ह्याच पुलाच्या बुरुजावर १६२१ साली बारा बंडखोरांची मुंडकी टांगली होती, आणि ती दहा वर्षे तशीच होती. १६४८ साली किल्ल्याची बाजू घेतलेले स्वीडिश सैन्य ह्याच पुलावर अडले. इतिहासाची आवड असणाऱ्याला येथे एक दिवस पुरणार नाही. माझी वाट मात्र पुलाखालची आहे, म्हणून तिकडे वळतो.

विसाव्या शतकात नदीखेरीज एक नवा जाच सुरू झाला. १८८३ पासून पुलावर घोड्यांची ट्राम चालत होती, १९०५ साली विजेची ट्राम आली, तीन वर्षांनी तिच्या जागी बस, आणि मग मोटारी. कमानीला ओझ्याचे भय नाही असे मी मघाशी म्हटले, ते बैलगाडीच्या ओझ्याबद्दल खरे. अखंड हादऱ्यांचे तसे नाही. १९६५ ते १९७८ अशी तेरा वर्षे मोठी दुरुस्ती चालली. डांबर काढले, फुटके दगड बदलले, आत काँक्रीटचा थर घातला, आणि तेव्हापासून पूल केवळ पायी चालणाऱ्यांसाठी राहिला.

तेरा वर्षे तज्ज्ञांनी डोके घालून केलेल्या ह्या कामातही चूक निघाली. वरून मुरणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त नीट साधला नव्हता. ते आत शिरे, हिवाळ्यात गोठून फुगे, आणि दगड फोडी. म्हणून २००७ ते २०१० मध्ये पुन्हा वरचा भाग उकलावा लागला. ह्या वेळी कठड्याचे इतके दगड नवे बसविले की जुन्या वास्तूंच्या जाणकारांनी मोठा गहजब केला. त्यांचे म्हणणे, जो दगड अजून काम देऊ शकतो तो काढणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, हा पूल दरवेळी असाच नवा होत आला आहे. मी कांपाच्या जिन्यावर बसून दोन्ही बाजूंचा विचार केला. माझे मत जाणकारांच्या बाजूने पडते. १८९० साली जे दगड वाहून गेले त्यांच्या जागी नवे बसविणे हा निरुपाय होता. उभा असलेला दगड सोयीसाठी काढणे हा निरुपाय नव्हे. शिवाय नव्या दगडांच्या कडा एकसारख्या, सांधे एका मापाचे. शेजारच्या जुन्या दगडाला घडविणाऱ्याच्या छिन्नीचे घाव अजून आहेत. हात फिरविला तरी फरक कळतो.

ह्या दोन दुरुस्त्यांच्या मध्ये नदीने एकदा परीक्षा घेतली. २००२ च्या ऑगस्टमध्ये प्रागला प्रचंड पूर आला. शहराचे सखल भाग बुडाले, भुयारी रेल्वेची स्थानके पाण्याने भरली. पूल मात्र उभा राहिला. त्यात पूर्वी बळकट केलेल्या पायांचा वाटा होता. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. पूर चढत असताना पुलावर यंत्रे उभी करून, वाहत येणारी झाडे आणि ओंडके गाळ्यांत अडकू लागताच ती उचलून काढीत होती. १८९० ची आठवण एकशेबारा वर्षे कोणीतरी ठेवली होती. पूर ओसरल्यावर पाणबुड्ये उतरले, खांबांचे तळ तपासले गेले, आणि आठव्या व नवव्या खांबाचे काम हाती घेतले गेले. १८९० नंतरच्या दुरुस्तीतून नदीतले हेच दोन खांब सुटले होते. त्यांचा नंबर एका शतकानंतर लागला, पण लागला.

जुन्या शहराच्या बाजूला, पुलाजवळच्या नदीकाठच्या भिंतीत, दाढीवाल्या माणसाचे एक दगडी डोके बसविलेले आहे. चेक लोक त्याला ‘ब्राडाच’ म्हणतात, म्हणजे दाढीवाला. हे मुळात जुडिथच्या पुलावरचे. काठ बांधताना १८४८ च्या सुमारास आताच्या जागी आणले. पाणी दाढीला लागले की नदी काठ सोडणार, पुढे चढले की गल्ल्यांत शिरणार, अशी खूण लोक त्यावरून ओळखत. मला ते दाखविणाऱ्या नावाड्याला मी म्हटले, “आमच्या गावी असाच एक आहे, पण त्याला दोन तोंडे आहेत.” त्याला ते अर्थातच कळले नाही. येथे बसलेल्यांपैकी ज्यांनी १९६९ चा पूर पाहिला आहे, त्यांना दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी म्हणजे काय आणि गळ्याला पाणी म्हणजे काय, हे मी सांगावयास नको.

आपल्या गोदेला असाच मोठा पूर २ ऑगस्ट २०१६ ला होता. आपण सारे घाटावर पाणी पाहत होतो. त्याच रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला, आणि मुंबई-गोवा महामार्गावरून अंधारात येणाऱ्या एस. टी.च्या दोन गाड्या आणि आणखी वाहने माणसांसह नदीत गेली. नवा पूल दहा महिन्यांत उभा राहिला, ही गोष्ट कौतुकाची. पण कांपाच्या त्या कमानीखाली उभा असताना मला ती रात्र आठवली. प्रागचा पूल आपल्या पुलाहून साडेपाचशे वर्षांनी जुना. त्याचा दगड आपल्या काळ्या पाषाणापुढे मऊ. त्याच्या नदीत बर्फ वाहत असे, आपल्या नदीत नाही. तरी तो उभा आहे, आणि त्याच्या कोणत्या खांबाचे काम कोणत्या साली झाले, हे तेथे सांगता येते.

माझ्या आजोळच्या गावी ओढ्यावर तीन कमानींचा एक दगडी पूल आहे. लहानपणी आम्ही त्याच्या मधल्या खांबावरून पाण्यात उड्या मारीत असू. प्रागहून आल्यावर मी मुद्दाम तेथे गेलो आणि ह्या खेपेस खाली उतरलो. मधल्या खांबाच्या बुडाशी गुडघाभर खोल घळ पडली आहे, तीत हात घातला तर तळचा दगड मोकळा लागतो. एका सांध्यात पिंपळ उगवला आहे. वरून पाहिले तर काही दिसत नाही. कठड्याला दर वर्षी चुना लावतात, त्यामुळे पूल छान दिसतो. संबंधित कचेरीला मी पत्र लिहिले. सात महिन्यांनी उत्तर आले की पुलाची पाहणी केली असून पूल सुस्थितीत आहे, व झाड काढण्यात आले आहे. मी पुन्हा जाऊन पाहिले. झाड वरून छाटले होते. मुळे सांध्यातच होती, आणि घळीत कोणी उतरल्याची खूण नव्हती. पावसाळ्याला अजून पाचसहा आठवडे आहेत. दुसरे पत्र मी गेल्या सोमवारी टाकले, आणि ह्या वेळी घळीचे माप आणि छायाचित्र सोबत जोडले आहे.